स्वयंचलित उद्योगात काम करायचंय? पदवीधर नेहमी विचारतात ते प्रश्न

ऑटोमेशनच्या कामात नव्यानं येणाऱ्यांना पहिल्या काही आठवड्यांत जे प्रश्न पडतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे दोन ओळींत सांगणं म्हणजे फसवणूक झाली असती. सर्वांत आधी तिसरा प्रश्न वाचलात तरी चालेल. बाकीची बरीच उत्तरं त्यातूनच निघतात.

1. सगळं मशीनच करणार असेल, तर आमच्यासाठी उरतं काय?

जे आधी ठरवून सांगता येतं ते मशीनकडे जातं. जे ऐनवेळी ठरवावं लागतं ते माणसाकडे राहतं. 1961 मध्ये युनिमेट हा पहिला औद्योगिक रोबो जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागला, तो डाय-कास्टिंगमधून (वितळलेला धातू साच्यात दाबून भाग बनवण्याच्या कामातून) निघणारे तापलेले भाग उचलण्यासाठी. काम गरम, धोक्याचं आणि दर वेळी अगदी सारखं होतं. असं काम रोबोकडे गेलं हे चांगलंच झालं.

2023 अखेर जगभरच्या कारखान्यांत जवळपास 43 लाख औद्योगिक रोबो चालू होते. पण उत्पादनाच्या लाइनवर दिवसभर उभं राहून पाहा. भाग तिरका येतो, सेन्सरच्या काचेवर तेल उडतं, मालाची नवी बॅच किंचित जास्त चमकते आणि कॅमेरा गोंधळतो, दोन मशीन एकमेकांच्या सिग्नलची वाट पाहत दोन्ही थांबतात. अशा वेळी काय झालं ते ओळखून लाइन पुन्हा सुरू करणारा, आणि तेच उद्या पुन्हा होऊ नये म्हणून बदल सुचवणारा माणूस लागतो. पदवीधराचं काम मुख्यतः इथे आहे.

2. किती टक्के नोकऱ्या जाणार?

2013 मध्ये ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या 47 टक्के नोकऱ्यांना मोठा धोका आहे असा अंदाज मांडला आणि तो आकडा जगभर फिरला. 2016 मध्ये ओईसीडी या देशांच्या आर्थिक संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात हाच धोका सुमारे 9 टक्क्यांवर आला. एवढा फरक पडला कारण पहिल्यांनी अख्खा व्यवसाय मोजला, तर दुसऱ्यांनी त्या व्यवसायातली वेगवेगळी कामं मोजली. एकाच पदावरच्या माणसाच्या दिवसातले चार तास मशीन घेऊ शकतं आणि उरलेले चार घेऊ शकत नाही.

म्हणून स्वतःबद्दल विचार करतानाही पदाचं नाव घेऊ नका, कामं घ्या. तुम्हाला ज्या नोकरीत जायचं आहे तिच्यातली दहा कामं कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहा: हे करण्याची पद्धत मी पूर्णपणे शब्दांत मांडू शकतो का? ज्यापुढे ‘हो’ येईल ते काम आज ना उद्या जाईल. ज्यापुढे ‘नाही, ते पाहूनच कळतं’ असं येईल, ते शिकण्यात वेळ घाला.

3. एकच कौशल्य निवडायचं असेल तर कोणतं?

स्क्रीन जे सांगते आणि प्रत्यक्षात जे घडतंय, यातला फरक ओळखणं.

28 मार्च 1979 ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र तो बंद असल्याचं सुचवत होता. तो दिवा व्हॉल्व्हची स्थिती दाखवतच नव्हता. व्हॉल्व्हला बंद होण्याचा आदेश गेला आहे, एवढंच तो सांगत होता. आदेश गेला होता, व्हॉल्व्ह हलला नव्हता. चालकांनी दिव्यावर विश्वास ठेवला, यंत्रणेत पाणी जास्त झालंय असं समजून आपत्कालीन पाणीपुरवठा कमी केला, आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. व्हॉल्व्हच्या पुढच्या पाइपचं तापमान वाढलेलं दिसत होतं, म्हणजे खरी परिस्थिती सांगणारी खूण हाताशी होती. पण तो व्हॉल्व्ह आधीपासूनच थोडा गळत असल्यामुळे त्या तापमानाचं कुणाला नवल वाटलं नाही. दोन तासांहून अधिक काळ गळती चालू राहिली.

ही चूक आज प्रत्येक कारखान्यात लहान प्रमाणात होते. एचएमआयवर, म्हणजे मशीनच्या स्क्रीनवर, मोटर हिरवी दिसते, कारण पीएलसीनं (मशीन चालवणाऱ्या औद्योगिक संगणकानं) आउटपुट दिलंय. प्रत्यक्षात मोटरला यंत्राशी जोडणारं कपलिंग तुटलेलं असतं आणि मोटर नुसतीच फिरत असते. टाकीची पातळी तासभर एकाच आकड्यावर ठाम असते. ते स्थैर्य नसतं, सेन्सर चिकटलेला असतो. सिलिंडर पुढे गेल्याचं सांगणारा रीड स्विच (चुंबकानं चालणारा सेन्सर) लागलेला असतो, पण पकडीत भागच नसतो.

हे कौशल्य तीन सवयींनी येतं. कोणताही सिग्नल पाहिला की तो आदेश आहे की प्रतिसाद, हे विचारायचं. एका मोजमापाला दुसऱ्या, वेगळ्या मार्गानं येणाऱ्या मोजमापाशी ताडून पाहायचं: पंप चालू असेल तर करंट वाढला का, दाब चढला का, पाइप हाताला थरथरतो का. आणि तिसरी, सगळ्यांत अवघड सवय म्हणजे प्रक्रिया स्वतः समजून घेणं. पाणी, वाफ, धातू, प्लॅस्टिक, गोंद हे कसे वागतात ते ज्याला माहीत नाही, त्याला चुकीचा आकडा चुकीचा वाटतच नाही. पदवीतली थर्मोडायनॅमिक्स, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स किंवा फ्लुइड मेकॅनिक्स ‘आता सॉफ्टवेअरच करतं’ म्हणून सोडून देऊ नका. सॉफ्टवेअरवर शंका घेण्याची ऐपत तिथूनच येते.

4. प्रोग्रामिंग यायलाच हवं का? कोणती भाषा शिकू?

वाचता यायलाच हवं. लिहिणं कामानुसार.

उत्पादन क्षेत्रात जायचं असेल तर पीएलसीपासून सुरुवात करा. 1968 मध्ये जनरल मोटर्सला रिलेंनी (विजेवर चालणाऱ्या स्विचनी) भरलेल्या कपाटांऐवजी प्रोग्राम बदलता येईल असं काहीतरी हवं होतं. त्यातून मॉडिकॉन 084 हे पीएलसी आलं. लॅडर लॉजिक (पीएलसीचा आकृतीतून लिहायचा प्रोग्राम) रिले सर्किटसारखं दिसतं ते मुद्दामच, कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला ते वाचता यावं म्हणून. आजही रात्री लाइन बंद पडल्यावर जो येतो, त्याला ते वाचता येतं. आकडेमोड, रेसिपी किंवा डेटा हाताळणी असेल तिथे स्ट्रक्चर्ड टेक्स्ट ही शब्दांत लिहायची भाषा सोयीची पडते. आयईसी 61131-3 या मानकात दोन्ही आहेत.

भाषेपेक्षा स्कॅन सायकल समजणं महत्त्वाचं. पीएलसी आधी सगळे इनपुट वाचतं, मग वरून खाली लॉजिक सोडवतं, मग आउटपुट लिहितं, आणि हे काही मिलिसेकंदांत पुन्हा पुन्हा करतं. एकच कॉइल (लॅडरमधलं आउटपुटचं चिन्ह) दोन ठिकाणी वापरलं तर शेवटचं जिंकतं. लॅडरमधली वरची ओळ बरोबर असूनही आउटपुट येत नाही आणि नवखा माणूस अख्खी दुपार वायर तपासत बसतो. संगणकाची पदवी घेतलेले यात हमखास अडकतात, कारण त्यांना प्रोग्राम सुरू होऊन संपण्याची सवय असते.

याच्या जोडीला पायथन आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) कामचलाऊ यावं. मशीनच्या डेटाबेसमधून गेल्या महिन्यातले थांबे काढून त्यांचा आलेख बनवता आला, तर मीटिंगमध्ये तुमचं म्हणणं नुसतं मत राहत नाही, पुरावा होतो.

5. मी मेकॅनिकलचा आहे, विद्युत काहीच कळत नाही. चालेल का?

आजच्यापुरतं चालेल, वर्षभरानंतर नाही. मल्टिमीटर धरायला शिका, 24 व्होल्ट डीसीचं सर्किट काढायला शिका, पीएनपी आणि एनपीएन सेन्सरमधला फरक समजून घ्या.

आणि 4 ते 20 मिलिअँपिअरचा सिग्नल नीट समजून घ्या, कारण त्यात फार सुंदर विचार आहे. 0 ते 10 बारचा प्रेशर ट्रान्समीटर असेल तर शून्य दाबाला तो 4 मिलिअँपिअर देतो, 12 ला दाब 5 बार. शून्यापासून सुरू न करता चारपासून का? कारण मग वायर तुटली की करंट शून्य होतो, आणि ‘दाब नाही’ व ‘माहितीच नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येतात. प्रोग्राम लिहिताना मात्र अनेक जण 4 च्या खालची वाचनं सरळ शून्य धरतात आणि हा सगळा फायदा घालवतात.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना उलटा सल्ला: बेअरिंग, सील, एअर सिलिंडर आणि ड्रॉइंगवरची टॉलरन्स शिका. ‘सेन्सर खराब आहे’ म्हणून आलेल्या तक्रारींमध्ये कितीतरी वेळा ब्रॅकेट सैल झालेलं असतं.

6. मी वाणिज्य किंवा कला शाखेची आहे. हे सगळं माझ्यासाठी आहे का?

हो, फक्त तुमचं मशीन दिसत नाही. इन्व्हॉइस जुळवणं, दाव्यांची छाननी, मालाची ऑर्डर, ग्राहकाला उत्तर, यातलं बरंच काम आता सॉफ्टवेअर बॉट करतात आणि तिसऱ्या प्रश्नातलं सगळं तिथे जसंच्या तसं लागू होतं.

नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाली कंपनीचं उदाहरण घ्या. 1 ऑगस्ट 2012 ला तिच्या आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड टाकायचा राहून गेला. त्यावरचा जुना, वापरात नसलेला भाग जागा झाला आणि सुमारे 45 मिनिटं चुकीचे सौदे करत राहिला. नुकसान 40 कोटी डॉलरच्या वर गेलं. बाजार उघडण्याआधीच यंत्रणेनं कर्मचाऱ्यांना आपोआप 97 ईमेल पाठवले होते, ज्यांत त्याच जुन्या भागाचं नाव होतं. ते इशारा म्हणून आखलेलेच नव्हते, त्यामुळे कुणी त्यांवर काही केलं नाही.

कोड न लिहिणाऱ्या माणसाला इथे भरपूर काम आहे. कोणता संदेश कुणाकडे जावा, त्यानं तो आल्यावर काय करावं, बॉट थांबवण्याचा अधिकार कुणाला, दिवसअखेर बॉटचा हिशेब कशाशी जुळवायचा: हे लिहून काढायला प्रक्रियेची समज आणि स्वच्छ भाषा लागते. व्यवहार खरा कसा चालतो हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हे काम आयटीवर सोडून देऊ नये.

7. संख्याशास्त्र किती लागतं?

थोडं, पण पक्कं. एक उदाहरण स्वतः सोडवून पाहा. तपासणी कॅमेरा 95 टक्के खराब भाग पकडतो आणि चांगल्या भागांपैकी 5 टक्के चुकून बाद करतो. दिवसाला 10,000 भाग येतात, त्यात 1 टक्का खराब. म्हणजे 100 खराब, त्यातले 95 पकडले. आणि 9,900 चांगल्या भागांपैकी 495 बाद झाले. बाद पेटीत 590 भाग, त्यातले 495 चांगले! ‘95 टक्के अचूक’ म्हणून विकत घेतलेल्या कॅमेऱ्याची पेटी बहुतांश चांगल्या मालानं भरली, आणि 5 खराब भाग तरीही पुढे गेले.

आठवड्याभरात ऑपरेटर ओळखतात की पेटीतला माल बहुधा चांगलाच असतो. मग ते न पाहता तो परत लाइनवर टाकू लागतात, आणि तिथे खरा धोका सुरू होतो. हा हिशेब कॅमेरा घेण्याआधी मांडून दाखवणारा नवा पदवीधर सगळ्यांच्या लक्षात राहतो. सरासरी, विचलन, कंट्रोल चार्ट, आणि मोजण्याच्या साधनाचीच चूक किती हे काढण्याची पद्धत, एवढ्यावर बरीच वर्षं निघतात.

8. एआयकडून कोड लिहून घेतला तर काय बिघडलं?

लिहून घ्यायला हरकत नाही, जबाबदारी मात्र देता येत नाही. एआय साधं चालू-बंदचं लॉजिक चांगलं लिहितं. त्याला तुमच्या मशीनबद्दल माहीत नसतं ते असं: वीज जाऊन आल्यावर मशीननं स्वतःहून सुरू व्हायचं की थांबून राहायचं, दार उघडं असताना कोणती हालचाल चालते, दोन सिलिंडर एकाच वेळी पुढे आले तर एकमेकांवर आदळतात का. म्हणून मागण्याआधी अटी कागदावर मांडा, आणि मिळाल्यावर प्रत्येक अटीची चाचणी सिम्युलेटरवर मुद्दाम बिघाड घडवून घ्या. प्रत्येक ओळ का आहे हे सांगता येत नसेल तर ती मशीनवर टाकू नका. कंपनीचा प्रोग्राम किंवा ड्रॉइंग परवानगीशिवाय बाहेरच्या टूलमध्ये चिकटवणं हा वेगळा गुन्हा, तोही करू नका.

9. सुरक्षिततेचं प्रशिक्षण तर कंपनी देतेच ना?

देते. तरी जाण्याआधी एवढं शिकूनच जा: मशीन थांबलंय म्हणजे ते सुरक्षित आहे असं नाही. वीज बंद केली तरी एअर लाइनमध्ये दाब असतो, वर उचललेला भार खाली येऊ शकतो, ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये चार्ज असतो. मशीनमध्ये हात घालण्याआधी प्रत्येक ऊर्जेचा मार्ग बंद करायचा, स्वतःचं कुलूप लावायचं, टॅग लावायचा आणि ते खरंच मेलंय हे तपासून पाहायचं. किल्ली आपल्याच खिशात.

माणसाशेजारी चालणारे कोबॉटही आपोआप सुरक्षित नसतात. रोबो हळू चालेल, पण त्याच्या पकडीत धारदार पत्रा असेल तर धोका पत्र्याचा आहे. रोबोच्या सुरक्षिततेचं मानक आयएसओ 10218, ते निदान एकदा चाळा. आणि गार्डच्या स्विचला जंपर (स्विच टाळून जोडणारी वायर) लावून ‘तेवढं पटकन करून टाक’ असं कुणी सांगितलं, तर नाही म्हणा. वरिष्ठ असला तरी नाही.

10. नेटवर्क आणि सायबरसुरक्षा हा आयटीचा विषय नाही का?

आता तो दोघांचा आहे. 2010 मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या संगणकी व्हायरसनं सीमेन्सच्या पीएलसीमध्ये शिरून सेंट्रिफ्यूजची गती बदलली आणि नियंत्रण कक्षाला मात्र सगळं ठीक असल्याची वाचनं दाखवत राहिलं. निदान आयपी पत्ता, सबनेट, आणि मशीनं एकमेकांशी ज्यांतून बोलतात ते मॉडबस आणि ओपीसी यूए म्हणजे काय हे कळू द्या, पीएलसीचा बॅकअप कुठे आहे ते विचारा, आणि अनोळखी पेन ड्राइव्ह लावू नका.

11. ‘कम्युनिकेशन स्किल’ म्हणजे नेमकं काय? इंग्रजी?

इंग्रजी मॅन्युअल वाचता यावं. त्यापलीकडे मुद्दा भाषेचा नाही, नेमकेपणाचा आहे. लॉगबुकात ‘मशीन बंद पडलं, रीसेट केलं, चालू झालं’ अशी नोंद असेल तर पुढच्या शिफ्टला शून्य उपयोग. ‘पहाटे 3:10 ला स्टेशन 4 वर क्लॅम्प टाइमआउट. एअर प्रेशर 4.1 बार, नेहमी 6 असतो. रीसेटनंतर चालू, पण त्याच वेळी शेजारच्या लाइनचं ब्लो-ऑफ (हवेचा झोत) सुरू होतं’ असं लिहिलंत तर सकाळचा माणूस थेट कॉम्प्रेसरकडे जाईल.

दुसरी बाजू ऐकण्याची. ऑपरेटरची पदवी तुमच्यापेक्षा लहान असेल, पण ‘आज आवाज वेगळा येतोय’ असं तो म्हणाला तर काम बाजूला ठेवून तिकडे जा. टोयोटात कामगाराला काही बिनसलेलं दिसलं की तो दोरी ओढून किंवा बटण दाबून लाइन थांबवण्याची प्रक्रिया सुरू करू शकतो. उत्पादनाची सगळी शिस्त त्या विश्वासावर उभी आहे. स्वतःपेक्षा जास्त वर्षं त्या मशीनपाशी काढलेल्या माणसाला प्रश्न विचारता येणं, तेही तोऱ्याशिवाय, हे मी कोणत्याही सॉफ्टवेअर कौशल्याच्या वर ठेवीन.

12. सगळं स्वयंचलित असेल तर हाताचं कौशल्य गंजत नाही का?

गंजतं, आणि हा या क्षेत्रातला सर्वांत गंभीर पेच आहे. मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी 1983 मध्येच तो मांडला होता: यंत्रणा जितकी चांगली, तितका माणसाला सराव कमी, आणि माणसाची गरज लागते ती नेमकी यंत्रणेला जमेनासं झाल्यावर, म्हणजे सर्वांत कठीण क्षणी. 1 जून 2009 ला एअर फ्रान्स 447 या विमानाच्या वेग मोजणाऱ्या नळ्यांमध्ये बर्फाचे कण साचले, ऑटोपायलट सुटलं आणि विमान अचानक वैमानिकांच्या हाती आलं. काही मिनिटांत ते समुद्रात कोसळलं, 228 जण गेले.

म्हणून संधी मिळेल तेव्हा मशीन मॅन्युअल मोडवर चालवा. नियोजित बंदच्या दिवशी हातानं सुरू करण्याचा क्रम पाठ करा. सिम्युलेटर असेल तर त्यावर बिघाडांचाच सराव करा. व्यवस्थापनाला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. तो मागून घ्यावा लागतो.

13. सर्टिफिकेट कोर्स करावेत का?

एखादा करा. पीएलसी किंवा रोबो बनवणाऱ्या कंपनीचा, ज्यात खरं हार्डवेअर हाताळायला मिळतं असा. पाचवा-सहावा कोर्स करण्याऐवजी तेवढ्या वेळात एक प्रोजेक्ट पूर्ण करा.

14. प्रयोगशाळा नाही, पीएलसी परवडत नाही. सराव कसा करू?

कोडेसिस हे सॉफ्टवेअर फुकट उतरवता येतं आणि त्यातच सिम्युलेशन आहे. ओपनपीएलसी मुक्त स्रोत आहे. एवढ्यावर सुरुवात होते.

प्रोजेक्ट साधा घ्या: एक टाकी, दोन पंप, पातळीचा एक सेन्सर, वरच्या मर्यादेचा एक फ्लोट स्विच. पंप आळीपाळीनं चालावेत, एक बंद पडला तर दुसऱ्यानं त्याचं काम घ्यावं. हे दोन दिवसांत होईल. खरा अभ्यास त्यानंतरचा. पातळीचा सेन्सर एका आकड्यावर गोठवा. प्रोग्रामला कळतं का? पंपाला आदेश द्या पण चालू असल्याचा प्रतिसाद देऊ नका. किती सेकंदांत अलार्म येतो? सेन्सर ‘अर्धी’ म्हणतोय आणि फ्लोट ‘भरली’ म्हणतोय. तुम्ही कुणाचं ऐकायचं ठरवलंत, आणि का? मधेच वीज घालवा. प्रत्येक बिघाड, अपेक्षित वर्तन, प्रत्यक्ष वर्तन आणि केलेला बदल यांचा एक तक्ता ठेवा.

15. मुलाखतीत हे सगळं दाखवायचं कसं?

तो तक्ता छापून घेऊन जा. बायोडेटात ‘पीएलसी येतं’ असं लिहिणारे पुष्कळ असतात. ‘सेन्सर गोठला तेव्हा माझा प्रोग्राम फसला, मग मी पंप चालू असताना ठरावीक वेळात पातळी बदलली नाही तर अलार्म द्यायचा असं घातलं’ हे सांगणारे फार थोडे. पुढचा प्रश्न हमखास येईल: ‘दोन्ही पंप बंद असतील आणि पातळी खरंच स्थिर असेल, तर तुझा अलार्म उगाच वाजणार नाही का?’ त्याचं उत्तर घरून तयार करून जा.